किल्लारी ते तेर : दगडी बांधकामांची थरथर मोजताना

सोमवार : लातूर, औसा, किल्लारी

लातूरहून सकाळी लवकर निघालो. मी, स्ट्रक्चरल इंजिनिअरिंगचे माझे दोन विद्यार्थी (एक पोरगी, एक पोरगा) आणि गाडी चालवणारे मामा. डिकीत कंपन टिपणारे सेन्सर, केबलची वेटोळी, डेटा लॉगर, दोन बॅटऱ्या, स्पिरिट लेव्हल आणि प्लास्टर ऑफ पॅरिसची पिशवी. फेब्रुवारी सरत आलेला. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारीची काढणी लागलेली होती.

औशाला चहापुरतं थांबलो. इथला भुईकोट सखल जागी बांधलाय, त्यामुळे तटाजवळ जाईपर्यंत किल्ला नजरेला पडत नाही. आत फिरायचं तर अख्खा दिवस हवा. तेवढा वेळ नव्हता, म्हणून बाहेरूनच पाहून पुढे निघालो.

किल्लारीला मात्र मी मुद्दाम जास्त वेळ ठेवला होता. या पोरांचा जन्म भूकंपानंतरचा. त्यांना तारीख पाठ आहे : ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, तीव्रता ६.२. गणपती विसर्जनाची रात्र होती, दमूनभागून लोक घरात झोपले होते. जवळपास दहा हजार माणसं गेली. तोवर हा सगळा भाग भूकंपाच्या नकाशावर सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात धरलेला होता. नंतर नकाशा बदलला आणि लातूर-धाराशिवचा हा पट्टा तिसऱ्या झोनमध्ये गेला.

स्मारकापाशी जाऊन आल्यावर जुन्या गावठाणाच्या कडेला एक पडकी भिंत सापडली. ती पोरांना जवळून दाखवली. बाहेरून पाहिली तर हातभर रुंदीची भक्कम दगडी भिंत वाटते. मोडलेल्या बाजूने पाहिलं की कळतं, ती एक भिंत नाहीच. बाहेरचं अंग वेगळं, आतलं अंग वेगळं, मध्ये माती आणि चिपा भरलेल्या. दोन्ही अंगांना बांधून ठेवणारा आरपार दगड शोधून सापडला नाही. जमीन हलली की अशी दोन अंगं एकमेकांपासून सुटतात, मधला भराव खाली बसतो, पाचरीसारखा त्यांना बाहेर ढकलतो, आणि वरचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, खाली येतं. ज्या घरांचं माळवद लाकडी खांब-तुळयांच्या खणांवर पेललेलं होतं, त्यांतल्या कित्येक घरांच्या भिंती ढासळूनही खण उभे राहिले. दगडमातीच्या अशा बांधकामांसाठी आयएस १३८२८ हे भारतीय मानक त्याच वर्षी, १९९३ मध्ये आलं. आरपार दगड किती अंतरावर हवेत, छताखाली पट्टा कसा हवा, सगळं त्यात लिहिलेलं आहे. पण आधीच उभ्या असलेल्या भिंतीच्या पोटात आरपार दगड आहेत की नाहीत, हे न फोडता कसं कळणार? कंपनं मोजायची ती यासाठी.

मंगळवार : तेरणाकाठचं गाव

गावाचं नाव इथे लिहीत नाही, कारण अहवाल आधी ग्रामपंचायतीच्या हातात जाणार आहे. महादेवाच्या देवळापुढची दीपमाळ मोजायची होती. काळ्या दगडाची, चुन्यात बांधलेली, तीस-पस्तीस फूट उंच, वर निमुळती होत गेलेली. दिवे ठेवायला बाहेर काढलेले दगडी हात चारी बाजूंनी आहेत. दीपमाळ नजरेलाही किंचित कललेली दिसते.

गुरवमामा म्हणाले, "भूकंपात वरचे दोन थर खाली आले ओ मॅडम. मग गावानं वर्गणी काढली अन् सिमेंट लावून परत बसवले. तवापासून कललीय का आधीपासूनच कललेली होती, ते काय सांगता येत न्हाई." मला सगळ्यात जास्त सलणारी गोष्ट हीच. ९३ च्या आधी ही दीपमाळ कशी होती याची एकही नोंद कुठे नाही. आज जे दिसतंय त्यातलं भूकंपाचं किती, वयाचं किती आणि सिमेंटचं किती, हे आता कोणीच वेगळं करून दाखवू शकत नाही.

चौथऱ्यावर शाळेची पोरं जमली. "काय मोजायलात ओ?" मग माझ्या विद्यार्थ्याने दप्तरातली स्टीलची पट्टी चौथऱ्याच्या काठाला दाबून धरली आणि टोकाला टिचकी मारली. पट्टी भर्रकन थरथरली. मग तिच्या टोकाला खोडरबर चिकटवला, तर सावकाश हलायला लागली. पट्टीचा हात आणखी बाहेर काढला, तेव्हा त्याहून सावकाश. वजन वाढलं की लय मंदावते, कडकपणा घटला तरी मंदावते. दीपमाळेचं गणित यापेक्षा फार निराळं नाही. वारंवारिता म्हणजे सेकंदाला किती हेलकावे. तिचा वर्ग कडकपणा भागिले वजन या प्रमाणात बदलतो, असा तो मेळ. दगडाचं वजन सहसा बदलत नाही. म्हणून वारंवारिता घसरली, तर आत कुठे तरी चुना सुटलाय, चीर वाढलीय किंवा पाया मऊ झालाय असं समजायचं.

टिचकी मात्र आम्ही मारत नाही. जुन्या वास्तूला यंत्राने हलवणं मला मान्य नाही, आणि त्याची गरजही पडत नाही. वारा, रस्त्यावरचा ट्रॅक्टर, देवळात येणारी-जाणारी माणसं, एवढ्यानेही प्रत्येक बांधकाम सतत हलत असतं. डोळ्यांना ते दिसत नाही, कारण त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या लाखाव्या भागाच्या आसपास असतं. सेन्सर तेवढं पकडतो.

मांडववाल्याची शिडी आणली. गुरवमामांचा मुलगा त्रिपुरी पौर्णिमेला दिवे लावायला दरवर्षी वर चढतो, कुठला दगडी हात डुगडुगतो ते त्याला पाठ आहे. कमरेला दोर बांधून तोच वर गेला. दगडाला भोक पाडायचं नाही हा आमचा नियम. प्लास्टरचा छोटा गोळा, त्यावर पत्र्याची चकती, स्पिरिट लेव्हलने समतल केलेली, आणि तिच्यावर सेन्सर. एक जोडी टोकाला, एक मध्यावर, एक थेट चौथऱ्यावर. प्रत्येक जोडीतला एक सेन्सर उत्तर-दक्षिण हालचाल टिपतो, दुसरा पूर्व-पश्चिम. टोकाची जोडी सबंध मोजणीत जागची हलवायची नाही. तिच्याशी ताडून पाहिलं की बाकीच्या जागा किती आणि कुठल्या दिशेने हलतात ते कळतं, आणि त्यावरून हालचालीचा आकार काढता येतो.

नोंद किती वेळ घ्यायची? बांधकामाच्या एका हेलकाव्याला जितका वेळ लागतो त्याच्या हजार ते दोन हजार पट, असा ठोकताळा आहे. दीपमाळेला दहा-बारा मिनिटं पुरली असती. आम्ही अर्धा तास घेतला, कारण मधेच दुधाची गाडी येते, कुत्री चौथऱ्यावर चढतात, कुणी तरी घंटा वाजवतं.

लॅपटॉपवर आलेख उघडला. तीन हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला तीन हेलकाव्यांच्या, आगेमागे दोन उंचवटे दिसले आणि चोवीस हर्ट्झवर एक टोकदार शिखर. पोरगी उत्साहाने म्हणाली, "मॅडम, हा दुसरा मोड!" मोड म्हणजे बांधकामाची हलण्याची एक स्वाभाविक तऱ्हा. जागा तशी पटण्यासारखी होती. पण शिखराचा आकार बघायला लागतो. दगडचुन्याच्या बांधकामात थरथर हळूहळू विरते. बारीक कंपनांत त्याचं डॅम्पिंग (थरथर विरण्याचं प्रमाण) साधारण एक ते तीन टक्के असतं, त्यामुळे खऱ्या शिखराला थोडा घेर असतो. हे शिखर सुईसारखं उभं होतं. शिवाय चौथऱ्यावरच्या सेन्सरमध्येही ते तेवढंच उंच. मी तिला कान द्यायला सांगितलं. देवळामागे पिठाची गिरणी चालू होती. मोटार मिनिटाला १४४० फेऱ्यांची, म्हणजे सेकंदाला २४. गिरणीवाल्या काकांनी दळण थांबवलं, आम्ही पुन्हा नोंद घेतली, आणि ती सुई गायब झाली. दुसरा मोड एकोणीसच्या जवळ होता, गिरणीच्या गोंगाटात बुडालेला. काकांचं दळण अर्धा तास खोळंबलं, तरी ते आलेख बघत आमच्याजवळच बसून राहिले.

बुधवार : तेच गाव

सूर्य उगवायच्या आत पुन्हा नोंद, मग दुपारी तीनला. पहाटेपेक्षा दुपारचा आकडा किंचित वर सरकला. विद्यार्थ्याला वाटलं उपकरणात गडबड आहे. तसं नव्हतं. ऊन लागलं की दगड फुगतो, बारीक चिरा मिटतात, बांधकाम थोडं कडक होतं. इटलीत मांतोव्हाचा गाब्बिया मनोरा आहे, ५४ मीटर उंच. २०१२ च्या भूकंपानंतर त्याच्यावर कायमचे सेन्सर बसवले गेले, तेव्हा तिथेही तापमानाबरोबर वारंवारिता वर-खाली होताना दिसली. पोर्तुगालमधल्या मोगादोरोच्या घड्याळ-मनोऱ्यात पावसाळ्याच्या तोंडाला भिंतींनी पाणी शोषलं की आकडे हलले. म्हणून नुसता आकडा लिहून भागत नाही. त्याच्यासोबत वेळ, तापमान आणि शेवटचा पाऊस कधी पडला हेही लिहावं लागतं. आमच्या मराठवाड्यात फेब्रुवारीत पहाट आणि दुपार यांत एवढा फरक पडतो की ही नोंद टाळली, तर उन्हाचा फरक भेगेच्या नावावर खपेल.

आता मुख्य गोष्ट. दीपमाळ गोल आहे. गोल खांब कुठल्याही दिशेने सारखाच कडक असायला हवा, म्हणजे दोन्ही दिशांचे आकडे जवळजवळ एकच यायला हवेत. आमच्याकडे उत्तर-दक्षिण ३.४ हर्ट्झ आणि पूर्व-पश्चिम २.९. आकड्यांतला फरक छोटा दिसतो, पण कडकपणा वर्गाच्या हिशेबाने मोजायचा. २.९ भागिले ३.४, त्याचा वर्ग केला तर पाऊण भागाला थोडा कमी. म्हणजे पूर्व-पश्चिम दिशेत पाव भागाहून जास्त कडकपणा कमी आहे. हालचालीचा आकार काढला तेव्हा त्याचं मूळ दिसलं : पूर्व-पश्चिम हलताना चौथराही सोबत डुलतोय. खांब त्या मानाने धड आहे, मऊ झालाय तो पाया.

पूर्वेच्या अंगाला जाऊन पाहिलं. चौथऱ्याला लागून नळ आहे. त्याचं पाणी नालीत जात नाही, चौथऱ्याच्या बुडाशी मुरतं. खाली काळी जमीन. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, आणि दरवर्षी पायाखालून थोडी थोडी सरकते. दीपमाळ कललीय तीही त्याच अंगाला.

सरपंचबाईंनी विचारलं, "मग सिमेंटनं भरून घ्यावं का सगळ्या फटी? तसा ठरावच झालाय." मी कळकळीने नको म्हटलं. सिमेंट चुन्यापेक्षा कितीतरी ताठ. आतली ओल बाहेर पडायची वाट ते बंद करतं, आणि बाजूच्या दगडाचे टवके उडवतं. वरच्या दोन थरांखाली हे आत्ताच दिसायला लागलंय. आधी नळाचं पाणी नालीने लांब न्या. एका उन्हाळ्यात पाया वाळू द्या. मग चुन्याने फटी भरा, तोही मुरवलेला चुना हवा. त्याचा पैसा फार नाही, फक्त क्रम चुकवू नका. ठराव बदलायला ग्रामसभा लागेल, त्या म्हणाल्या, आणि ती घ्यायला त्या तयार झाल्या.

संध्याकाळी जवळच्या जुन्या वाड्यात गेलो. वाड्याच्या मालकीण आक्कांनी ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि पातळ वरण वाढलं. जेवता जेवता मी माळवदाकडे बघत होते. एका कोपऱ्यात ते खचलंय, तिथून थर मोजता आला : दीड फूट जाड माती. पावसाळ्याआधी पांढरी माती अंथरायची, गळालं की आणखी अंथरायची, जुनी काढायची नाही, असं पिढ्यान्‌पिढ्या चाललेलं. दीड फूट मातीचं वजन चौरस मीटरला सातशे किलोच्या घरात जातं. पाच बाय चारच्या खोलीवर चौदा टन. भूकंपात भिंतीला जो आडवा धक्का बसतो तो वजनाच्या प्रमाणात बसतो. म्हणजे हे चौदा टन आक्कांच्या डोक्यावर नुसते बसलेले नाहीत, जमीन हलली तर भिंतीला आडवे ढकलणारेही तेच आहेत.

आम्ही खोलीची कंपनं नोंदवली. आक्कांच्या मुलाला सांगितलं, वरचा अर्धा थर उतरवा, खाली पाणी अडवणारा कागद घाला आणि पातळ थर द्या. लाकूड तपासून घ्या. मग आम्ही परत मोजू. वजन उतरलं की आकडा वर चढायला हवा. किती चढतो त्यावरून भिंतीचा खरा कडकपणा काढता येईल, कारण उतरवलेली माती किती ते आपल्याला ठाऊक असेल. न फोडता भिंतीचा अंदाज घ्यायची इतकी स्वस्त रीत मला दुसरी माहीत नाही.

गुरुवार : नळदुर्ग

इथे उपकरणं गाडीतच ठेवली. संरक्षित स्मारकावर परवानगीशिवाय सेन्सर काय, प्लास्टरचा ठिपकाही लावायचा नसतो. बघायला मात्र पोरांना न्यायचंच होतं.

बोरी नदी अडवून घातलेला दगडी बांध आणि त्याच्या पोटात पाणी महाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं हे काम, १६१३ चं. पावसाळ्यात नर आणि मादी असे दोन धबधबे बांधावरून कोसळतात आणि आतल्या दालनात उभं राहिलं तरी कोरडं राहता येतं. आम्ही गेलो तेव्हा धबधबे बंद होते. दालनाच्या भिंतीला हात लावून पोरगी म्हणाली, "मॅडम, पाणी चढल्यावर याची वारंवारिता बदलत असेल ना?" बदलणारच. मागे पाणी उभं राहिलं की भिंतीसोबत थोडं पाणीही हलतं, ते वजन धरावं लागतं आणि आकडा खाली येतो. अशा बांधाची नोंद करायची तर पाण्याची पातळी लिहिणं तापमान लिहिण्याइतकंच महत्त्वाचं.

उपळी बुरुजावर चढून बसलो. हैदराबाद-सोलापूर महामार्गावरचे ट्रेलर इथवर ऐकू येतात. जड वाहनांनी जुन्या वास्तू खचतात का, हा प्रश्न प्रत्येक व्याख्यानात येतो. जर्मनीच्या डीआयएन ४१५० मानकाप्रमाणे नाजूक, जतन करायच्या वास्तूच्या पायाशी दहा हर्ट्झच्या खालच्या कंपनांचा वेग सेकंदाला ३ मिलिमीटरच्या आत राहायला हवा. हे मोजायला अर्धा दिवस पुरतो. खडी क्रशरचे सुरुंग किंवा रस्त्याचे रोलर जुन्या देवळाजवळ चालवण्याआधी कंत्राटदाराकडून ही मोजणी करून घ्यायला हवी असं माझं ठाम मत आहे.

बुरुजावर बसून पोरांना इटलीतल्या पेरुजा शहराची गोष्ट सांगितली. तिथल्या सान पिएत्रो चर्चच्या ६१ मीटर उंच घंटा-मनोऱ्यावर २०१४ च्या अखेरीस थोडेसे सेन्सर बसवले होते. २०१६ मध्ये मध्य इटलीत भूकंप झाले, पण त्यांचं केंद्र लांब होतं. डोळ्यांना मनोऱ्यावर फारसं काही दिसलं नाही. वारंवारिता मात्र किंचित खाली आली ती तशीच राहिली. आधीची नोंद हातात होती म्हणून हा बारीक फरक ओळखता आला. दिल्लीच्या कुतुबमिनारचंही असं मोजमाप झालंय. त्याची पहिली वारंवारिता ०.८ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे एक हेलकावा पुरा व्हायला सव्वा सेकंद. मराठवाड्यातले बुरूज, बारवा, देवळं, वेशी यांच्या आजच्या नोंदी आजच व्हायला हव्यात. उद्या जमीन हलली तर ताडून कशाशी बघणार?

पोराने रास्त शंका काढली : एवढ्या बारीक थरथरीवरून मोठ्या धक्क्यात काय होईल ते कळेल? थेट नाही कळत. जोरात हलल्यावर चिरा उघडतात, कडकपणा आणखी घसरतो. शिवाय हा आकडा अख्ख्या बांधकामाचा असतो. एका कोपऱ्यातला सुटलेला दगड त्यात दिसेलच असं नाही. डोळे, हातोडीचा आवाज आणि जुन्या लोकांना विचारपूस, हे सगळं सोबत लागतंच.

शुक्रवार : तेर

तुळजापूर, धाराशिव करत तेरला पोचलो. जुन्या काळचं तगर. गोरोबाकाकांचं गाव म्हणून वारकऱ्यांना माहीत, आमच्या लेखी विटांचं गाव. त्रिविक्रमाचं देऊळ विटांचं आहे. त्याचा मागचा भाग हत्तीच्या पाठीसारखा गोलाकार, म्हणूनच असल्या वास्तूला गजपृष्ठाकार म्हणतात. इतक्या शतकांची वीट, आणि अजून उभी.

इथल्या जुन्या विटा इतक्या हलक्या आहेत की पाण्यावर तरंगतात. कालपरवा चौदा टन मातीचा हिशेब केलेल्या पोरांना याचं मोल वेगळं सांगावं लागलं नाही. पोरीने वहीत त्याच सूत्राचा खालचा भाग, वजनाचा, गोल करून ठेवला. वर हलकी वीट म्हणजे भूकंपात कमी ढकल. करणाऱ्यांच्या मनात भूकंप होता असं मी म्हणणार नाही, पण शिखरावरचं वजन कमी ठेवण्याचं भान त्या हातांना नक्की होतं.

परतीच्या वाटेवर गाडीतच दीपमाळेचा अहवाल पुरा केला. मराठीत, एका पानाचा : दोन्ही दिशांचे आकडे, पहाटेचं आणि दुपारचं तापमान, सेन्सरच्या जागांचं रेखाटन, आणि वरच्या ओळीत "आधी नाली". त्या जागांवर चुन्याचे ठिपके देऊन ठेवलेत. दिवाळी उलटल्यावर, त्रिपुरी पौर्णिमेचे दिवे लागायच्या आत, पहाटेच्या वेळी गिरणी बंद असताना तिथेच पुन्हा नोंद घेऊ. नाली झाली असेल तर पूर्व-पश्चिमचा आकडा २.९ च्या वर यायला हवा. नाही आला तर पायाशी चर खणून बघायची परवानगी ग्रामसभेकडे मागायची, असं सरपंचबाईंशी फोनवर ठरलंय.